दोन आठवडे आधी उगवलेला सूर्य

इ. स. १५९७ च्या जानेवारी महिन्याची २४ तारीख. रशियाच्या उत्तरेस आर्क्टिक महासागरात नोवाया झेम्ल्या नावाची लांबट बेटे आहेत. त्यांच्या ईशान्य टोकाजवळ, ७६ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर, एका लाकडी घरात सोळा डच खलाशी हिवाळा काढत होते. पाच महिन्यांपूर्वी त्यांचे जहाज बर्फात अडकले होते. सूर्य दिसेनासा झाल्याला जवळजवळ बारा आठवडे लोटले होते.

त्या दिवशी हवा स्वच्छ होती. कप्तान याकोब फान हेमस्कर्क, गेरिट दे फेर आणि आणखी एक सोबती असे तिघे समुद्रकाठाकडे गेले. तेथे दक्षिणेच्या क्षितिजावर दे फेरला अनपेक्षितपणे सूर्याची कड दिसली. तिघेही धावत घरी आले आणि ही आनंदाची बातमी त्यांनी सर्वांना सांगितली. पण मोहिमेचा वाटाड्या विलेम बारेंट्स याने ती मानली नाही. बारेंट्स हा त्या काळच्या हॉलंडमधला नावाजलेला नाविक. आकाशाचे गणित त्याला चांगले येत होते. त्याच्या हिशोबाने सूर्य उगवायला अजून दोन आठवडे अवकाश होता. पाहणारे म्हणत होते, आम्ही डोळ्यांनी पाहिले. बारेंट्स म्हणत होता, हे शक्यच नाही. शेवटी पैजा लागल्या.

पैजेचा निकाल तीन दिवसांतच लागला. पण तिच्यामागच्या प्रश्नाचा निकाल लागायला जवळजवळ चारशे वर्षे जावी लागली. ती हकिगत या लेखात सांगायची आहे. ती सांगताना थोडे गणित आणि थोडे प्रकाशविज्ञानही येईल, परंतु दोन्ही शाळेच्या वर्गात करून दाखवता येण्याजोगे आहे.

प्रथम, ही मंडळी इतक्या उत्तरेला गेलीच कशाला? याचे उत्तर आपल्याकडे, गोव्यापर्यंत येऊन पोचते. सोळाव्या शतकात मसाल्याच्या व्यापाराचा आफ्रिकेला वळसा घालून जाणारा सागरी मार्ग पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. यान हायगेन फान लिन्स्खोटेन हा डच तरुण १५८३ पासून १५८८ पर्यंत गोव्यात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून राहिला. पोर्तुगीजांच्या व्यापाराची आणि जलमार्गांची पुष्कळ माहिती त्याने तेथे टिपून घेतली. हॉलंडला परतल्यावर हा लिन्स्खोटेन १५९४ आणि १५९५ च्या उत्तरेकडील दोन्ही मोहिमांमध्ये सामील झाला. बारेंट्सही या दोन्ही मोहिमांत होता. रशियाच्या डोक्यावरून चीनला आणि पुढे मसाल्याच्या बेटांना पोचता आले, तर पोर्तुगीजांशी गाठ पडण्याचा प्रश्नच उरणार नव्हता.

ही कल्पना केवळ लोभातून आलेली नव्हती, तिच्यामागे एक विचार होता. पेत्रुस प्लांसियस नावाचा ऍमस्टरडॅमचा धर्मोपदेशक मोठा भूगोलतज्ज्ञ होता. त्याचे म्हणणे असे की, ध्रुवाजवळ उन्हाळ्यात सूर्य महिनोन् महिने मावळत नाही. तेव्हा तेथे उष्णता साठत जाणार आणि समुद्र मोकळा असणार. बर्फ असेल ते किनाऱ्यालगत. युक्तिवादाचा पहिला भाग आजही खोटा ठरत नाही. २१ जूनच्या सुमारास चोवीस तासांत ध्रुवावरील वातावरणाच्या माथ्यावर पोचणारी सौर ऊर्जा विषुववृत्तावरच्यापेक्षा खरोखरच जास्त असते. पण पांढरे बर्फ त्यातली बरीच ऊर्जा परत फेकते, उरलेली बर्फ वितळवण्यात खर्च होते, आणि लांबलचक रात्रीतले नुकसान भरून निघत नाही. प्लांसियसचा तर्क विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा. तर्कात चूक कोठे आहे ते शोधायला त्यांना मजा येईल.

पहिल्या दोन मोहिमा बर्फामुळे परतल्या. १५९६ मध्ये डच सरकारने स्वतः पैसा घालायचे नाकारले, पण मार्ग शोधणाऱ्याला २५,००० गिल्डरचे बक्षीस लावले. ऍमस्टरडॅम शहराने दोन जहाजे सज्ज केली. एकाचा कप्तान हेमस्कर्क, दुसऱ्याचा यान कोर्नेलिस रायप. बारेंट्स हेमस्कर्कच्या जहाजावर होता. मे महिन्यात निघून जूनमध्ये त्यांना बेअर बेट आणि पाठोपाठ स्पिट्सबर्गेन सापडले. मग मार्गावरून मतभेद झाले आणि जहाजे वेगळी झाली. हेमस्कर्क आणि बारेंट्स यांनी नोवाया झेम्ल्याचे उत्तर टोक ओलांडले, आणि ऑगस्टच्या अखेरीस एका उपसागरात बर्फाने त्यांना घेरले. बर्फाच्या दाबाने जहाज उचलले गेले, फळ्या करकरू लागल्या. परतीची आशा संपली.

जहाजावर सतरा माणसे होती. त्या बेटावर झाड उगवत नाही, पण किनाऱ्यावर ओंडक्यांचे ढीग मात्र पडले होते. सैबेरियातल्या नद्यांनी अरण्यांमधून वाहून आणलेले आणि समुद्राने येथे टाकलेले हे लाकूड. घसरगाड्यांवर ते ओढून आणून आणि जहाजाच्या फळ्या काढून त्यांनी घर बांधायला घेतले. काम सुरू होते न होते तोच सुतार मरण पावला. जमीन इतकी गोठलेली होती की खड्डा खणता येईना. त्याला डोंगराच्या कपारीत पुरावे लागले. उरलेल्या सोळा जणांनी सुतारावाचून घर उभे केले. साधारण आठ मीटर लांब आणि सहा मीटरांहून थोडे कमी रुंद, मध्ये चूल, भिंतीलगत झोपायच्या फळ्या. या घराला डच लोक ‘वाचवणारे घर’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

या हिवाळ्याची सारी माहिती आपल्याला दे फेरच्या रोजनिशीतून मिळते. ती १५९८ मध्ये छापली गेली. आम्हाला त्या रोजनिशीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते ते असे, की हा माणूस दिसले ते तारीखवार लिहितो आणि कारण ठाऊक नसेल तरी नोंद गाळत नाही. बिअरची पिंपे गोठली तेव्हा त्याने चव घेऊन पाहिली. गोठलेला भाग वितळवला तर पाण्यासारखा लागतो आणि न गोठलेल्या थोड्या द्रवात सारा कडकपणा उतरलेला असतो, असे तो लिहितो. पाणी आधी गोठते आणि विरघळलेले पदार्थ मागे राहतात, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकातले वाक्य त्याला ठाऊक नव्हते. सूर्य गेला तशी पांढरी अस्वलेही गेली आणि त्यांच्या जागी पांढरे खोकड आले, हीही नोंद त्याचीच. या खोकडांना सापळ्यात धरून खलाशी खात आणि त्यांच्या कातड्याच्या टोप्या करीत. ताज्या मांसातल्या थोड्याफार क जीवनसत्त्वाने स्कर्व्हीला काही प्रमाणात आवर घातला असला पाहिजे. अर्थात जीवनसत्त्व हा शब्द जन्माला यायला तेव्हा तीनशेहून अधिक वर्षे होती.

७ डिसेंबरची नोंद विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचावी अशी आहे. थंडी असह्य झाली म्हणून त्यांनी जहाजावरून दगडी कोळसा आणला, मोठा जाळ केला, आणि ऊब राहावी म्हणून धुराडे व दारे बंद करून घेतली. घर छान तापले. सर्वांनी आपापल्या फळीवर पडून गप्पा मारल्या. थोड्या वेळाने एकेकाला घेरी येऊ लागली. आधी एका आजाऱ्याला, मग सर्वांना. ज्यांच्या अंगात त्राण होते त्यांनी धुराडे उघडले, मग दार उघडले. दार उघडणारा तेथेच बर्फात बेशुद्ध होऊन पडला. दे फेरची फळी दाराशेजारी होती. त्याने धावत जाऊन त्याच्या तोंडावर शिरका शिंपडला तेव्हा तो शुद्धीवर आला. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचे याहून स्पष्ट वर्णन त्या शतकात क्वचितच सापडेल. आपल्याकडेही थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. धड्यात हा वायू येईल तेव्हा त्या सोळा जणांची गोष्ट सांगावी.

डिसेंबरच्या सुरुवातीलाच त्यांचे घड्याळ गोठून बंद पडले होते. वजने वाढवूनही ते चालेना. मग बारा तासांचे वाळूचे घड्याळ वापरात आले, आणि ते उलटायला विसरू नये म्हणून पाळीपाळीने लक्ष ठेवणे सुरू झाले. दिवस-रात्र सारखीच काळोखी असताना तारीख टिकवायची तर दुसरा मार्ग नव्हता. ही बाब लक्षात ठेवावी, कारण पुढे सारा वाद तारखेवरच येणार आहे.

असे असले तरी ही माणसे नुसती कुढत बसली नव्हती. वैद्याच्या सल्ल्याने दारूच्या पिंपात बसून गरम पाण्याने आंघोळी होत. ५ जानेवारीला, ख्रिस्ती सणाच्या पूर्वसंध्येला, त्यांनी साठवलेली थोडी वाइन काढली, पिठाच्या धिरड्यांसारख्या पोळ्या केल्या आणि चिठ्ठ्या टाकून राजा निवडला. राजेपद जहाजावरच्या तोफचीला मिळाले. नोवाया झेम्ल्याचा हा बहुधा पहिला आणि शेवटचा राजा!

आता पैजेकडे वळू. बारेंट्सचे म्हणणे काय होते?

आपण हे गणित दोन तऱ्हांनी करू. पहिली तऱ्हा अगदी सोपी. ३ नोव्हेंबरला त्यांना सूर्याची फक्त वरची कड दिसली होती. ४ तारखेला काहीच दिसले नाही. २१ डिसेंबर हा अयनदिन. ३ नोव्हेंबरपासून तेथपर्यंत ४८ दिवस होतात. सूर्य जितके दिवस आधी गेला, साधारण तितक्याच दिवसांनी परत यायला हवा. २१ डिसेंबरमध्ये ४८ दिवस मिळवले की ७ फेब्रुवारी येतो. २४ जानेवारी त्याच्या बरोबर १४ दिवस आधी येते.

दुसरी तऱ्हा नाविकाची. दुपारी सूर्याची क्षितिजापासूनची उंची काढायची तर ९० मधून त्या ठिकाणचा अक्षांश वजा करायचा आणि सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर, त्यात मिळवायचे. दक्षिण क्रांती ऋण धरायची. डिसेंबरमध्ये मृग नक्षत्रातल्या खांद्याच्या ताऱ्याची उंची मोजून त्यांनी आपला अक्षांश सुमारे ७६ अंश ठरवला होता; आज आपण तो सव्वाशहात्तर धरू. २४ जानेवारीला क्रांती सुमारे सव्वाएकोणीस अंश दक्षिण असते. ९० वजा सव्वाशहात्तर वजा सव्वाएकोणीस, म्हणजे उणे साडेपाच. भर दुपारी सूर्याचा मध्य क्षितिजाच्या साडेपाच अंश खाली!

वातावरणामुळे प्रकाश वाकतो आणि खगोल आहे त्याहून किंचित वर दिसतो, हे खरे. पण क्षितिजावर हे वक्रीभवन अर्ध्या अंशाहून थोडेसेच जास्त असते. सूर्याची तबकडीही अर्ध्या अंशाची. त्यामुळे आपल्याकडे सूर्यास्ताच्या वेळी तबकडी क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा भूमितीच्या दृष्टीने ती जवळजवळ पूर्ण मावळलेली असते. मावळलेला सूर्य पाहणे ही रोजचीच गोष्ट आहे. पण अर्धा अंश कोठे आणि साडेपाच अंश कोठे! बारेंट्सच्या गणितात काही चूक नव्हती. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही पैज त्याच्याच बाजूने लावली असती.

२५ आणि २६ जानेवारीला हवा ढगाळ, धुकट होती. काही दिसले नाही. पाहणाऱ्यांच्या विरुद्ध पैज लावणाऱ्यांना वाटले, आपण जिंकलो. २६ च्या रात्री बराच काळ अंथरुणाला खिळलेला एक सोबती मध्यरात्रीनंतर मरण पावला. २७ तारखेला आकाश निवळले, आणि क्षितिजाच्या किंचित वर सूर्याची पूर्ण गोल तबकडी सर्वांनी पाहिली. गणिताने त्या दुपारी सूर्याचा मध्य क्षितिजाखाली पावणेपाच अंशांच्या आसपास असायला हवा होता.

दे फेरने ही नोंद करताना लपवाछपवी केलेली नाही. जाणकारांच्या मताविरुद्ध आपण लिहीत आहोत याची त्याला पूर्ण जाणीव होती. बारेंट्सचा आक्षेपही त्याने आदराने नमूद केला आहे.

उन्हाळा आला तरी जहाज सुटले नाही. १४ जून १५९७ रोजी उरलेले पंधरा जण दोन उघड्या होड्यांतून निघाले. त्याआधी बारेंट्सने मोहिमेची हकिगत एका चिठ्ठीत लिहून ती घराच्या धुराड्यात टांगून ठेवली. तो स्वतः आजारी होता. त्याला घसरगाडीवरून होडीपर्यंत न्यावे लागले. २० जूनला होडीत बसून तो दे फेरने काढलेला प्रवासाचा नकाशा पाहत होता. नकाशा बाजूला ठेवून त्याने प्यायला मागितले आणि पिताच तो गेला. त्याच दिवशी आणखी एक खलाशी गेला, जुलैत आणखी एक. उरलेल्या बारा जणांचीही स्कर्व्हीने दशा झाली होती. वाटेत एका ठिकाणी स्कर्व्हीवर गुणकारी अशी ख्याती असलेली एक पालेभाजी उगवलेली सापडली. ती मूठमूठ खाऊन त्यांच्या अंगात बळ आले. अडीच महिन्यांनी ते रशियाच्या कोला बंदराला लागले. तेथे त्यांना कोण भेटावे? तर वाट वेगळी करून गेलेला रायप! त्याच्याच जहाजातून ते मायदेशी परतले आणि १ नोव्हेंबर १५९७ रोजी खोकडाच्या टोप्या घालून ऍमस्टरडॅममध्ये पोचले. तोवर, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कोर्नेलिस दे हाउटमानची डच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जावाहून परतलीसुद्धा होती. उत्तरेच्या मार्गाची निकड तेथेच संपली.

रोजनिशी छापली गेल्यावर वाचकांनी अस्वले, बर्फ, उपासमार सारे मानले. सूर्य मात्र मानला नाही. सर्वांत सोपी शंका ही, की यांची तारीख चुकली असणार. घड्याळ बंद, सतत काळोख, माणसे आजारी; दोन आठवड्यांचा घोळ सहज होऊ शकतो. शंका रास्त होती. पण तिचे उत्तर रोजनिशीतच होते.

जहाजावर व्हेनिसमध्ये छापलेले एक खगोलीय पंचांग होते. २४ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर एक वाजता व्हेनिस येथे चंद्र आणि गुरू यांची युती होईल, असे त्यात दिले होते. आपण नेमके किती पूर्वेला आहोत हे कळावे म्हणून ही युती पाहायची, असे या मंडळींनी ठरवले होते. त्यांना ती सकाळी सहाच्या सुमारास दिसली. पाच तासांचा फरक म्हणजे ७५ अंश रेखांशाचा. प्रत्यक्षात तो सुमारे ५६ अंश आहे. म्हणजे सव्वा तासाची चूक झाली. वाळूचे घड्याळ, पंचांगातल्या त्रुटी आणि तासाला जेमतेम अर्धा अंश सरकणारा चंद्र पाहता ती क्षम्य आहे. रेखांश चुकला, पण तारीख पक्की झाली. चंद्र रोज सुमारे १३ अंश पुढे सरकतो. तारीख एका दिवसाने चुकली असती तरी चंद्र गुरूपासून हातभर दूर दिसला असता. चौदा दिवसांनी चुकली असती तर तो आकाशाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूला असता. पंचांग पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सूर्य दिसला त्याच दिवशीच्या रात्री ही युती यावी हा योगायोगच, पण त्याने दे फेरची तारीख आकाशावरच नोंदवून ठेवली.

कोणी असेही सुचवले की, हा जुन्या आणि नव्या ख्रिस्ती पंचांगांमधल्या दहा दिवसांचा घोळ असेल. पण मग ३ नोव्हेंबरचा सूर्यास्तही दहा दिवस सरकवावा लागतो, आणि तो गणितात बसत नाही.

ज्यांनी ही नोंद गंभीरपणे घेतली त्यांत योहान्नेस केप्लर होता. १६०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविज्ञानावरील ग्रंथात त्याने तिचा विचार केला. हवेचा थर आणि त्याच्या वरचे अवकाश यांच्या सीमेवर आतल्या बाजूने प्रकाश पुनःपुन्हा परावर्तित होऊन पृथ्वीच्या वळणाबरोबर पुढे गेला असेल, असे त्याने सुचवले. सीमेची जागा चुकली, पण प्रकाश हवेत कोंडला जाऊन वळतो ही कल्पना बरोबर होती.

आजचे स्पष्टीकरण समजायला मृगजळापासून सुरुवात करावी. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यालगतची हवा गरम आणि विरळ असते, वरची तुलनेने थंड आणि दाट. प्रकाशकिरण दाट हवेकडे वळतो, म्हणून खाली येणारा किरण वर वळून आपल्या डोळ्यात येतो आणि आकाश रस्त्यावर सांडल्यासारखे दिसते. ध्रुवीय हिवाळ्यात परिस्थिती नेमकी उलटी. सूर्य नाही, बर्फ उष्णता अवकाशात फेकत राहते, आणि त्याच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा पुष्कळ थंड होते. एरवी उंचीबरोबर तापमान घटते. येथे ते वाढते. याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. थंडीच्या सकाळी आपल्या गावांवरही चुलींचा धूर वर न जाता आडवा पसरून राहतो, तो याच कारणाने. व्युत्क्रमात किरण खाली, जमिनीकडे वळतो.

किती वळतो? शंभर मीटर उंचीमागे तापमान साधारण आठ ते अकरा अंश सेल्सियसने वाढत असेल (हवा जितकी थंड, तितका कमी फरक पुरतो), तर किरणाची वक्रता पृथ्वीच्या वक्रतेइतकी होते. मग किरण क्षितिजापलीकडे निसटून न जाता जमिनीला समांतर धावत राहतो. याहून तीव्र व्युत्क्रम असेल तर वर निघालेला किरणही खाली परततो. थंड हवेचा हा थर प्रकाशाच्या बोगद्यासारखा काम करतो.

हे वर्गात दाखवता येते. मासे ठेवण्याची लांब काचेची पेटी घ्या, तळाशी साखरेचा जाड थर घाला, वरून पाणी हलकेच ओता आणि न ढवळता एक-दोन दिवस राहू द्या. तळाशी पाक दाट, वर पाणी पातळ, असा उतरता क्रम तयार होतो. अंधार करून एका बाजूने लेसर टॉर्चचा किरण जवळजवळ आडवा सोडा. तो वाकून तळाकडे जाताना स्पष्ट दिसेल. किरण कोणाच्या डोळ्यात जाणार नाही एवढी काळजी घ्या.

आता दे फेरच्या सूर्यासाठी बोगदा किती लांब लागेल? सूर्याची वरची कड गणिताने क्षितिजाखाली सव्वापाच अंश होती. नेहमीचे वक्रीभवन वजा केले की सुमारे साडेचार अंशांहून थोडा जास्त कोन उरतो. पृथ्वीवर एका अंशाला १११ किलोमीटर; म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर. नोवाया झेम्ल्याच्या टोकापासून इतके दक्षिणेला गेले की गोठलेला कारा समुद्र ओलांडून आपण यामाल द्वीपकल्पापर्यंत येतो. या सबंध पट्ट्यावर थंड हवेचा अखंड थर पसरलेला असला पाहिजे. दर हिवाळ्यात असा योग येत नाही, आणि आला तरी किरणांच्या वाटेत ढग नसावे लागतात.

दे फेरला साक्षीदार मिळाले ते तीनशे वर्षांनी. नॉर्वेचा फ्रित्यॉफ नान्सेन याने आपले ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतले होते. १६ फेब्रुवारी १८९४ रोजी, ८० अंश अक्षांशाच्या आसपास, त्याला अपेक्षेआधीच सूर्याची प्रतिमा दिसली. प्रथम चपटा तांबडा पट्टा, मग एकावर एक रचलेले आणि मध्ये काळ्या फटी असलेले अनेक पट्टे. गणिताने सूर्य तेव्हा क्षितिजाखाली दोन अंशांहून जास्त होता. दक्षिण ध्रुवप्रदेशात अर्नेस्ट शॅकल्टनला १९१५ मध्ये असाच अनुभव आला. १ मे रोजी हिवाळ्यापुरता कायमचा मावळलेला सूर्य ८ मे रोजी अर्ध्याहून अधिक तबकडी दाखवून गेला. नान्सेन आणि शॅकल्टन यांच्या तारखांवर कोणी शंका घेणे शक्य नव्हते.

राहिला आकड्यांचा हिशोब. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या वॉल्डेमार लेन यांनी १९७९ मध्ये अशा व्युत्क्रमातून किरणांचे मार्ग काढून दाखवले. पुढे २००३ मध्ये हॉलंडचे सीब्रेन फान डेर वेर्फ आणि ग्युंटर क्योनेन यांच्याबरोबर त्यांनी १५९७ च्या नोंदीच संगणकावर तपासल्या. योग्य व्युत्क्रम धरला तर दे फेरने वर्णिलेले दृश्य दिसू शकते, असे निघाले. या चमत्काराला आता शास्त्रीय वाङ्मयात ‘नोवाया झेम्ल्या परिणाम’ असेच नाव आहे. २७ जानेवारीची ‘पूर्ण गोल’ तबकडी मात्र विचार करायला लावते, कारण बोगद्यातून येणारी प्रतिमा बहुधा चपटी, पट्ट्यापट्ट्यांची असते. निदान त्या दिवशी बोगदा चांगलाच उंच असला पाहिजे, एवढे म्हणता येते.

रोजनिशीतली आणखी एक नोंद अशीच उशिरा उलगडली. मे १५९७ च्या अखेरीस त्यांनी अस्वलाचे काळीज शिजवून खाल्ले. सारेच आजारी पडले, आणि तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. उत्तरेकडच्या लोकांना अस्वलाचे काळीज वर्ज्य असते, हे पुढच्या प्रवाशांनाही कळत गेले. पण विष कोणते ते ठाऊक नव्हते. १९४३ मध्ये रोडाल आणि मूर यांनी दाखवले की त्या काळजात अ जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा असतो आणि तोच बाधतो.

आणि ते घर? बारेंट्सची माणसे निघून गेल्यावर पावणेतीनशे वर्षांनी, १८७१ च्या सप्टेंबरमध्ये, एलिंग कार्लसेन नावाचा नॉर्वेजियन कप्तान तेथे पोचला. घर कोसळत आले होते, पण भांडी, हत्यारे, पुस्तके, विकण्यासाठी नेलेली आणि गोठून गठ्ठा झालेली चित्रे बर्फात टिकून होती. १८७६ मध्ये दुसऱ्या एका प्रवाशाला बारेंट्सने धुराड्यात ठेवलेली चिठ्ठीही मिळाली. या वस्तू ऍमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये जतन केल्या आहेत. थंडीने बंद पडलेले ते घड्याळही त्यांत आहे.